नोटीस दोन कोटींची, येणं चौदा लाखांचं: कोर्ट, लवाद की मध्यस्थी?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे पुढचं वाचणाऱ्याला संदर्भ लागेल. तुम्ही नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बातम्यांची वेबसाइट आणि यूट्यूब चॅनेल चालवता. तुमच्या एका बातमीवरून तिथल्या बिल्डरच्या वकिलाची नोटीस आली आहे. पंधरा दिवसांत बिनशर्त माफी मागा आणि बातमी काढा, नाहीतर दोन कोटींचा अब्रुनुकसानीचा दावा आणि वर फौजदारी. दुसरी भानगड वेगळी. एका निर्मिती कंपनीला तुम्ही आठ भागांची माहितीपट मालिका लिहून, चित्रित करून दिली. त्यातले १४ लाख अडकले आहेत, ओटीटीवर गेलेल्या मालिकेत लेखक म्हणून तुमचं नाव नाही, आणि वर कंपनीनं तुमच्या यूट्यूब चॅनेलवर कॉपीराइट स्ट्राइक, म्हणजे कॉपीराइटभंगाची तक्रार, टाकली आहे. करारात लवादाचं कलम आहे. लवाद कंपनीचे एमडी नेमणार, ठिकाण दिल्ली. मित्र सांगतात, कोर्टाच्या नादी लागू नका, 'मीडिएशन किंवा आर्बिट्रेशन करून टाका.'

मित्रांचा सल्ला वाईट नाही, पण त्यातला 'किंवा' फसवा आहे. मध्यस्थी (मीडिएशन) आणि लवाद (आर्बिट्रेशन) या दोन गोष्टी एकमेकींच्या जागी वापरता येत नाहीत. लवाद हा खासगी न्यायाधीश असतो. तो दोन्ही बाजू ऐकतो, पुरावा घेतो, निवाडा देतो, आणि तो निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा (अंतिम आदेशासारखा) बजावता येतो. मध्यस्थ काहीच ठरवत नाही. तो दोघांना बोलतं करतो, आणि जे ठरतं ते तुम्ही दोघं ठरवता. लवादासाठी दोघांची लेखी संमती लागते. बिल्डर आणि तुमच्यात कुठलाही करार नाही, तेव्हा तो वाद आपोआप लवादाकडे जाऊ शकत नाही. आता नव्यानं दोघांनी लिहून दिलं तर जाईल, पण दोन कोटींची नोटीस पाठवणारा माणूस असं लिहून देत नाही. ब्रिटनमध्ये यावर एक वाट काढली आहे. वृत्तपत्रांच्या वर्तनाची चौकशी करणाऱ्या २०१२ च्या लेव्हसन अहवालानंतर तिथल्या वृत्तपत्रांच्या स्वनियमन संस्थेनं लवाद योजना आणली, आणि त्यात सामील झालेल्या वृत्तपत्रांनी वाचकाच्या तक्रारीआधीच संमती देऊन ठेवलेली असते. आपल्याकडे तसं काही नाही. म्हणून बिल्डरसाठी मध्यस्थी, आणि कंपनीसाठी लवाद, पण तिथेही लवादाच्या आधी दोन दारं ठोठावून पाहायची आहेत. ती कुठली ते पुढे सांगते.

आधी बिल्डर. अब्रुनुकसानीच्या दाव्यातला आकडा पाहून घाबरू नका. महाराष्ट्रात कोर्ट फीला कमाल मर्यादा आहे, त्यामुळे आकड्यापुढे शून्यं वाढवायला एका टप्प्यानंतर काही खर्च येत नाही. पण असे दावे नेहमीच पोकळ असतात असंही समजू नका. पुण्यातलंच उदाहरण घ्या. १० सप्टेंबर २००८ ला टाइम्स नाऊ वाहिनीनं भविष्य निर्वाह निधी घोटाळ्याच्या बातमीत एका न्यायमूर्तींच्या नावासोबत चुकून दुसऱ्याच न्यायमूर्तींचं छायाचित्र दाखवलं, जेमतेम पंधरा सेकंद. ते छायाचित्र होतं न्या. पी. बी. सावंत यांचं, सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश आणि प्रेस कौन्सिलचे माजी अध्यक्ष. चित्र दाखवणं थांबलं, पण पडद्यावर दिलगिरी आली ती त्यांचं पत्र गेल्यानंतर, काही दिवसांनी. २०११ च्या एप्रिलमध्ये पुण्याच्या न्यायालयानं १०० कोटींचा हुकूमनामा दिला. अपिलासाठी उच्च न्यायालयानं २० कोटी रोख आणि ८० कोटींची बँक गॅरंटी भरायला सांगितलं, आणि सर्वोच्च न्यायालयानंही त्यात हात घातला नाही. आमच्या वकिली वर्तुळात या प्रकरणाची चर्चा नेहमी १०० कोटींच्या अंगानं होते. मला त्यातले मधले ते काही दिवस महत्त्वाचे वाटतात. त्या काळात कुणी दोन्ही बाजूंना एका टेबलाशी बसवून दिलगिरीचा मजकूर, वेळ आणि किती वेळा दाखवायची एवढं ठरवून घेतलं असतं, तर पुढची कित्येक वर्षं वाचली असती असं मला मनापासून वाटतं. हा माझा अंदाज आहे, कायद्याचं मत नव्हे.

मीडियाच्या भांडणात पैशाइतकीच, पुष्कळदा पैशाहून जास्त, शब्दांवर ओढाताण होते. माफीचा शब्द, श्रेयनामावलीतलं नाव, मथळ्यातलं एखादं प्रश्नचिन्ह. न्यायाधीश किंवा लवाद रक्कम ठरवू शकतो, मनाई करू शकतो. पण दिलगिरीच्या चार ओळी दोन्ही बाजूंना पटतील अशा लिहून देणं हे त्याचं काम नाही, आणि त्यानं लिहिल्या तरी त्या कुणालाच आपल्या वाटत नाहीत.

एक प्रकरण सांगते, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून, कारण मध्यस्थीतलं बोलणं बाहेर सांगायचं नसतं. एका जिल्हा दैनिकात बातमी आली की अमुक डॉक्टरांच्या हलगर्जीपणामुळे रुग्ण दगावला. प्रत्यक्षात ते रुग्णालय दुसरं, नावातलं साधर्म्य तेवढं. दावा ५० लाखांचा. मी दैनिकाची वकील होते. मध्यस्थापुढे बसल्यावर संपादकांनी खिशातून तयार मजकूर काढला: 'आमच्या बातमीमुळे डॉक्टरांच्या भावना दुखावल्या असल्यास आम्ही दिलगीर आहोत.' डॉक्टर शांत होते, एवढंच म्हणाले, "हे 'असल्यास' काढा." संपादक म्हणाले, तो शब्द काढला तर आम्ही चूक कबूल केली असं होईल. डॉक्टर म्हणाले, "मग चूक केली नाही का?"

त्या एका शब्दावर आम्ही जवळजवळ तीन तास बसलो. मध्यस्थांनी हुशारी केली ती अशी की त्यांनी भावनांचा विषयच मजकुरातून उडवला. डॉक्टरांच्या भावनांशी वाचकाला देणंघेणं नाही, वाचकाला एवढंच कळलं पाहिजे की तो डॉक्टर हा नव्हे. शेवटी छापलं ते असं: बातमीत दिलेलं रुग्णालयाचं नाव चुकीचं होतं, संबंधित डॉक्टरांचा त्या घटनेशी कोणताही संबंध नव्हता, या चुकीबद्दल आम्ही त्यांची दिलगिरी व्यक्त करतो. 'असल्यास' गेला, आणि संपादकांना खुपणारा 'माफी' हा शब्दही आला नाही. मग डॉक्टरांनी दुसरी अट घातली: त्याच पानावर, तेवढ्याच आकारात, आणि गुरुवारीच. गुरुवार का? तर तो त्यांच्या गावचा आठवडी बाजाराचा दिवस, बाहेरगावचे पेशंट त्या दिवशी पेपर हातात घेऊन बसतात. कुठलं कोर्ट हुकुमात 'गुरुवारी' असं लिहिणार? पैशाच्या नावानं डॉक्टरांनी वकील फी आणि नोटिशीचा खर्च तेवढा घेतला. तडजोड पुरसीस, म्हणजे ठरलेल्या अटींचा कोर्टात द्यायचा लेखी कागद, दाखल झाली, दावा निकाली.

आणि आता माझी चूक. पुरसीशीत मी लिहिलं होतं, 'बातमी वेबसाइटवरून काढून टाकण्यात येईल.' आठव्या दिवशी डॉक्टरांच्या वकिलांचा फोन. वेबसाइटवरची बातमी गेली होती, पण ई-पेपरच्या पीडीएफमध्ये ते पान तसंच, दैनिकाच्या फेसबुक पेजवर मथळ्याचं कार्ड तसंच, आणि इतरांच्या बातम्या एकत्र दाखवणाऱ्या एका ॲग्रिगेटरकडे अख्खा मजकूर शाबूत. अक्षरशः पाहिलं तर आम्ही तडजोड पाळली होती, आणि डॉक्टरांच्या दृष्टीनं काहीच झालं नव्हतं. ते सगळं निस्तरण्यात आणखी तीन आठवडे गेले. तेव्हापासून मी तडजोडीला एक परिशिष्ट जोडते: प्रत्येक लिंक, यूट्यूबचा व्हिडिओ, शॉर्ट्स, फेसबुक आणि इन्स्टाग्रामच्या पोस्ट, ई-पेपरचं पान, बातमी ज्यांना पुरवली ते सगळे. कोण, किती तासांत, कुणाला मेल करून काढायला सांगणार, आणि तिसऱ्यानं उचललेल्या क्लिपची जबाबदारी कुणावर नाही, हेही त्यातच. तुमचं तर सगळंच ऑनलाइन आहे, त्यामुळे हा कागद तुमच्यासाठी तडजोडीच्या मुख्य मजकुराइतकाच महत्त्वाचा.

मात्र हे सगळं बातमी चुकली असेल तर. तुम्ही लिहिलंय की बातमीतला बांधकाम परवानगीचा भाग माहितीच्या अधिकारात मिळालेल्या कागदांवर आधारलेला आहे, आणि 'भागीदारीत एका नगरसेवकाचा हात' हा भाग तोंडी माहितीवर. मग या दोन भागांना एकच वागणूक देऊ नका. कागद हातात असलेल्या भागाबद्दल माफी मागू नका, तो काढूही नका. बिल्डरची बाजू त्याच बातमीत, तेवढ्याच ठळकपणे जोडायची तयारी दाखवा. तोंडी माहितीवरचा भाग तपासा, सिद्ध करता येत नसेल तर स्वतःहून दुरुस्त करा आणि दुरुस्त केल्याची तारीख खाली टाका. खरी बातमी गायब करण्यासाठी मध्यस्थी वापरली जाते तेव्हा मी त्या टेबलावरून उठते, आणि तुम्हीही उठावं. न्यायालयंही या बाबतीत वाटतं त्यापेक्षा सावध आहेत. मार्च २०२४ मध्ये ब्लूमबर्गच्या लेखाविरुद्ध झी कंपनीनं मिळवलेला अंतरिम मनाई हुकूम सर्वोच्च न्यायालयानं रद्द केला, आणि सुनावणीआधीच मजकूर बंद करणारे असे हुकूम क्वचितच द्यावेत असं बजावलं. नोटिशीच्या उत्तरात तुमच्या वकिलांनी याचा उल्लेख जरूर करावा.

तालुक्याच्या गावात आणखी एक 'मध्यस्थी' चालते, तिच्याबद्दल स्पष्ट बोलते. "साहेबांच्या ऑफिसात बसू, चहा घेऊ, मिटवून टाकू." साहेब म्हणजे आमदारांचे पुतणे किंवा बाजार समितीचे माजी सभापती. तिथे तुम्ही एकटे, समोर सात माणसं, आणि टेबलावर आधीच लिहून ठेवलेला स्टँप पेपर. याला मध्यस्थी म्हणत नाहीत. मध्यस्थ दोघांनी निवडलेला किंवा मध्यस्थी केंद्रानं नेमलेला असतो, त्याचा निकालात काही हितसंबंध नसतो, आणि तुम्ही कधीही उठून जाऊ शकता. कोर्टाच्या मध्यस्थी केंद्रांतल्या मध्यस्थांना चाळीस तासांचं प्रशिक्षण दिलेलं असतं. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तिथे दावा दाखल होण्याआधीचं प्रकरणही घेतात. तिथे जा. खर्च नगण्य आणि जागा तटस्थ.

दुसरा धोका त्याहून मोठा. तडजोडीत बिल्डर म्हणेल, "वर्षभराच्या जाहिराती देतो, विषय संपवा." तुम्हाला ते धंद्याचं बोलणं वाटेल. उद्या त्याचं मन फिरलं की हेच बोलणं 'बातमी काढण्यासाठी पैसे मागितले' या तक्रारीत दिसेल, आणि खंडणीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली दाखल होतो. जिल्हा पातळीवरच्या पत्रकारांवर असे गुन्हे दाखल झालेले मी पाहिले आहेत, काही खरे, काही रचलेले. म्हणून तडजोडीत बिल्डरकडून तुमच्याकडे एक रुपयाही यायचा नाही. जाहिरात नाही, प्रायोजकत्व नाही, दिवाळी अंकाची पानं नाहीत.

फौजदारीचं काय? बदनामीचा गुन्हा आता न्याय संहितेच्याच कलम ३५६ खाली येतो. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही, किंवा समाजसेवा. तो मिटवता येण्याजोगा गुन्हा आहे, म्हणजे ज्याची बदनामी झाली त्याला तो तडजोडीनं संपवता येतो. दिवाणी दाव्याची मुदत प्रसिद्धीपासून एक वर्ष, फौजदारी तक्रारीची तीन वर्षं. इथेच लोक फसतात. दिवाणी वाद मिटला म्हणून सुटकेचा श्वास टाकतात आणि दीड वर्षानं दंडाधिकाऱ्यांचं समन्स दारात येतं. तडजोडीत दोन्हींचा स्पष्ट उल्लेख हवा, आणि तुम्ही, संपादक, बातमीदार, कॅमेरामन या सगळ्यांची नावं हवीत. ठरलेलं पक्कं करायचं तर नुसत्या नोटरीवर थांबू नका. विधी सेवा प्राधिकरणामार्फत दाखलपूर्व प्रकरण म्हणून लोकअदालतीत त्याचा निवाडा करून घ्या. तो दिवाणी हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. २०२३ चा मध्यस्थी कायदा आला आहे, त्यात १२० दिवसांची मुदत आणि गोपनीयतेची चांगली चौकट आहे, पण ९ ऑक्टोबर २०२३ ला त्यातली ठराविक कलमंच लागू केली गेली. सही करायच्या आठवड्यात कुठली कलमं अमलात आहेत ते वकिलांकडून तपासून घ्या.

प्रेस कौन्सिलबद्दलही तुम्ही विचारलंय. ते वृत्तपत्रं आणि वृत्तसंस्थांसाठी आहे, शिवाय त्याला ताशेरे मारता येतात, दंड करता येत नाही. तुमच्या यूट्यूब चॅनेलला ते लागू नाही. २०२१ च्या डिजिटल माध्यमांच्या नियमांत तक्रार निवारण अधिकारी आणि पंधरा दिवसांत निर्णय अशी तरतूद आहे. त्या नियमांच्या काही भागाला मुंबई उच्च न्यायालयानं त्याच वर्षी स्थगिती दिली होती, तरी साइटवर तक्रारीसाठी नाव आणि मेल ठेवाच. मध्यस्थापुढे 'आमच्याकडे तक्रार आलीच नव्हती, थेट नोटीस आली' हे सांगता आलं की बोलण्याचा सूर बदलतो.

आता कंपनी. हे प्रकरण वेगळ्या जातीचं आहे, कारण इथे तुमची सही आहे.

पहिली गोष्ट, 'लवाद आमचे एमडी नेमतील' हे कलम आज चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या पर्किन्स ईस्टमन निकालापासून ज्याचा वादात हितसंबंध आहे त्याला एकमेव लवाद एकतर्फी नेमता येत नाही, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठानं तोच धागा पुढे नेला. त्यामुळे लवादाचं कलमच पूर्ण रद्द होत नाही, नेमणुकीचा तेवढा भाग गळतो. कंपनीनं उद्या कुणाचं नाव कळवलंच तर त्याच दिवशी लेखी आक्षेप घ्या. न बोलता पहिल्या तारखेला हजर झालात तरी कायद्यानुसार हक्क जात नाही, कारण तो सोडायला वाद उद्भवल्यानंतर स्पष्ट लेखी संमती लागते. पण पहिल्या बैठकीत पुढ्यात येणाऱ्या कागदांत अशी संमती हळूच घातलेली असते. न वाचता सही करू नका.

दुसरी गोष्ट, दिल्ली. ते 'सीट' आहे, म्हणजे लवाद नेमण्याचा अर्ज आणि नंतर निवाड्याला आव्हान दिल्लीच्याच न्यायालयात. बैठका मात्र ऑनलाइन किंवा मुंबईत होऊ शकतात, त्यावर भांडा. लवाद कायद्याच्या कलम २१ ची नोटीस, म्हणजे वाद लवादाकडे न्यायचा आहे असं लेखी कळवणारी, पाठवा. तीत तीन नावं सुचवा, निवृत्त जिल्हा न्यायाधीश किंवा मनोरंजन क्षेत्रातले वकील. लवादाची कारवाई या नोटिशीपासून सुरू झाली असं धरतात आणि मुदतीचं घड्याळ तिथे थांबतं. तीस दिवसांत एकमत झालं नाही तर उच्च न्यायालयात अर्ज.

खर्चाचा अंदाज देते, कारण तो कुणी सांगत नाही. लवाद कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात लवादाच्या फीचा नमुना आहे. १४ लाखांच्या मागणीवर ४५,००० अधिक पाच लाखांवरच्या रकमेचे साडेतीन टक्के, म्हणजे ७६,५००. एकटा लवाद असेल तर त्यावर २५ टक्के जास्त, म्हणजे ९५,६२५. ती निम्मी निम्मी वाटली जाते, तुमचा वाटा साधारण ४८ हजार. वर तुमच्या वकिलाची फी आणि दिल्लीचा खर्च. कागदपत्रं पूर्ण झाल्यापासून बारा महिन्यांत निवाडा द्यायचा असतो, दोघांच्या संमतीनं आणखी सहा. मग निवाड्याला तीन महिन्यांत आव्हान देता येतं. १४ लाखांसाठी हे परवडतं, पण ओढून ताणून. एक-दीड लाखाच्या वादात मी लवादाचा सल्ला देतच नाही.

म्हणून आधी पहिलं दार. तुमच्याकडे उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आहे का, आणि ती या कराराच्या आधीची आहे का? बहुतेक छोट्या निर्मात्यांना, चित्रीकरण करणाऱ्यांना, संकलकांना हे ठाऊकच नसतं, की सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठीचा २००६ चा कायदा सेवा पुरवणाऱ्यांनाही लागू आहे. काम स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दर महिन्याला चक्रवाढ व्याज. वसुलीसाठी त्याच कायद्याखाली नेमलेली फॅसिलिटेशन कौन्सिल आहे. आधी तडजोडीचा प्रयत्न, तो फसला तर लवाद. आणि अधिकार पुरवठादार जिथला तिथल्या कौन्सिलचा, म्हणजे दिल्ली नव्हे, तुमचा विभाग. करारात लवादाचं कलम आहे म्हणून कौन्सिलला हात लावता येत नाही असं कंपनी म्हणेल. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या महाकाली फूड्स निकालानं तो मुद्दा निकालात काढला आहे, हा विशेष कायदा खासगी लवाद करारावर मात करतो. निवाड्याला आव्हान द्यायचं तर कंपनीला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. वाटाघाटीत हे एक वाक्य फार उपयोगी पडतं. उशीर मात्र होतो. कायद्यात नव्वद दिवस लिहिले आहेत, तेवढ्यात निकाल लागलेला मी क्वचित पाहिला.

नोंदणी करारानंतरची असेल तर हे दार अवघड आहे, न्यायालयांनी मागाहून केलेल्या नोंदणीचा लाभ नाकारलेला आहे. त्यावर वेळ घालवू नका.

कौन्सिल पैसे मिळवून देईल, तुमचं नाव नाही. पटकथा आणि निवेदन तुमचं असेल तर हक्क विकल्यानंतरही लेखक म्हणून नाव लावून घेण्याचा हक्क कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ खाली तुमच्याकडेच राहतो. यासाठी लवादापुढे जाता येतं. कॉपीराइट म्हटला की तो वाद लवादाच्या कक्षेबाहेर, असं काही वकील अजून सांगतात. २०१६ मध्ये इरॉस विरुद्ध टेलिमॅक्स प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयानं करारातून निघालेला असा वाद दोघांपुरता असतो आणि लवादाकडे जाऊ शकतो असं म्हटलं, आणि मला ती भूमिका पटते. पण मालिका आधीच ओटीटीवर आहे. दीड वर्षानं निवाड्यात नाव मिळालं तर पाहणारे पाहून गेलेले असतील. लवाद कायद्याच्या कलम ९ खाली तातडीचा आदेश मागता येतो, तो मिळाला तर नव्वद दिवसांत लवादाची कारवाई सुरू करावी लागते. उशीर मात्र महागात पडतो. प्रदर्शनाच्या आदल्या रात्री धावत येणाऱ्या अर्जदारांना मुंबई उच्च न्यायालयानं वेळोवेळी खडे बोल सुनावले आहेत, आणि तुमच्या बाबतीत तर प्रदर्शन होऊन गेलंय.

हेच दुसरं दार, इथे मध्यस्थी परत येते. श्रेयनामावलीत नाव घालणं हे कंपनीसाठी तांत्रिकदृष्ट्या किरकोळ काम आहे, नवी फाइल चढवायची. त्यांना ते करायचं नसतं कारण त्यानं पैशाच्या दाव्यात तुमचा हात वर जाईल असं त्यांच्या वकिलाला वाटतं. मध्यस्थ हे दोन धागे सोडवू शकतो: नाव आत्ता लावा, त्याचा पैशाच्या वादावर काही परिणाम नाही असं लिहून घ्या. मी एका लेखिकेसाठी असं करून घेतलं तेव्हा कंपनीनं चौथ्या दिवशी नाव चढवलं आणि पैशाचं भांडण पुढे सात महिने चाललं. तिला त्या सात महिन्यांत त्याच नावावर दुसरं काम मिळालं. मुंबईत पटकथालेखकांच्या संघटनेची वाद निवारण समितीही आहे. सभासद असाल तर तिथे अर्ज करा, हिंदी-मराठीतल्या निर्मात्यांना त्या समितीचं पत्र येणं आवडत नाही. उद्या दुसऱ्या एखाद्या करारात लवादाचं कलमच नसेल, तर तीन लाखांवरच्या व्यावसायिक वादात तातडीचा आदेश मागायचा नसेल तेव्हा दाव्याआधी मध्यस्थी सक्तीचीच आहे, तेवढं लक्षात असू द्या. समोरचा आलाच नाही तर तसा अहवाल मिळतो आणि मग दावा दाखल होतो.

पैशाच्या तडजोडीत एक बारीक जागा. १४ लाख हे जीएसटीसकट की वेगळे, आणि टीडीएस आधीच कापला आहे का, हे आकडा बोलण्याआधी ठरवा. नऊ लाखांवर हात मिळवून दाराशी पोचलेली माणसं याच मुद्द्यावर परत आत येऊन बसलेली मी पाहिली आहेत. हप्ते दिले तर पहिला हप्ता सहीच्या दिवशी, आणि एक हप्ता चुकला की पूर्ण १४ लाख व्याजासह देय, अशी ओळ घाला. तुमच्या चॅनेलवर त्यांनी टाकलेला कॉपीराइट स्ट्राइक मागे घेणं हेही त्याच कागदात, तारखेसकट. तो स्ट्राइक लवाद झटपट काढून देणार नाही, ज्यानं टाकला त्यानं मागे घेतला तर दोन मिनिटांत जातो.

पुढच्या कराराबद्दल एवढंच: आधी तीस दिवस मध्यस्थी, मग दोघांच्या संमतीनं किंवा एखाद्या संस्थेमार्फत नेमलेला एकच लवाद, सीट मुंबई. मुंबईत २०१६ पासून आंतरराष्ट्रीय लवाद केंद्र आहे, पण तुमच्या आकाराच्या करारांना संस्थेचा खर्च झेपेल का ते आधी पाहा.

या आठवड्यात तुमच्याकडून तीन गोष्टी हव्यात. बिल्डरची नोटीस हातात पडली त्या दिवसाची पोस्टाची पावती, उद्यम प्रमाणपत्रावरची तारीख, आणि कंपनीला मालिकेचा शेवटचा भाग पाठवला तो मेल. नोटिशीला उत्तर बाराव्या-तेराव्या दिवशी जाऊ द्या, आपल्या हक्कांना बाधा न येता मध्यस्थीची तयारी आहे असं त्यात लिहा, आणि तोपर्यंत बिल्डरच्या माणसांशी फोनवर बोलू नका. व्हॉट्सॲपवर तर अजिबातच नको.